कलेची शाळा आणि पालकांचा ताळेबंद

आमची मुलगी यंदा नववीत गेली. आठवीत असताना तिने शासनाची एलिमेंटरी परीक्षा 'अ' श्रेणीत पार केली आणि तेव्हापासून आमच्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसला. निकालानंतर थोड्याच दिवसांत तिने एका शाळेचे माहितीपत्रक आणून माझ्यापुढे ठेवले. ही शाळा दुसऱ्या जिल्ह्यात आहे, निवासी आहे आणि स्वतःला 'कलाप्रधान' म्हणवते. सकाळी नेहमीचे विषय आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत चित्र, शिल्प, गायन, नृत्य यांपैकी एका कलेचा अभ्यास, असे तिचे वेळापत्रक आहे. वार्षिक शुल्क आम्हा उभयतांच्या तीन महिन्यांच्या पगाराहून थोडे अधिक. मुलीचे म्हणणे मात्र एका वाक्याचे होते : "आई, तिथे चित्राच्या मध्येच घंटा होत नाही."

गेली अठरा वर्षे प्रस्तुत लेखिका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत आहे. संधिव्यय, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल, ही संकल्पना फळ्यावर दोन रेघा ओढून दरवर्षी मी समजावून सांगते. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्या दोन रेघा कोठे ओढावयाच्या हे मात्र मला कित्येक आठवडे सुचेना. आजोबांना वाटत होते की असल्या शाळेत घातल्यास पोरीचे गणित बुडेल. तिचे वडील म्हणत होते की, मन मारून केलेले गणित असेही बुडतेच. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि पेच नेमका तेथेच आहे. आपल्या मुलामुलींच्या अंगी एखादी कला आहे असे ज्या पालकांना वाटते, त्या सर्वांपुढे हा पेच आज ना उद्या उभा राहतो. म्हणून त्याची थोडी जाहीर चर्चा करणे अप्रस्तुत ठरू नये.

'आर्ट्‌स'चा घोळ

या चर्चेत पहिली अडचण शब्दाचीच आहे. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली, पाठोपाठ अकरावी-बारावी आली आणि विज्ञान, वाणिज्य, कला या तीन शाखांची वाटणी घराघरांत पोहोचली. या वाटणीतील 'कला' शाखेत इतिहास आहे, राज्यशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, आमचे अर्थशास्त्रही आहे. परंतु ज्याला सामान्य माणूस कला म्हणतो ते चित्र किंवा गाणे बहुतेक ठिकाणी नाही. मंडळाच्या विषयांच्या यादीत चित्रकला आहे, गायन-वादनही आहे. पण ते शिकविणारी कनिष्ठ महाविद्यालये फार थोडी. परिणाम असा की, मुलगी चित्रे चांगली काढते म्हणून तिला 'आर्ट्‌स'ला घालणारे पालकही भेटतात, आणि 'आर्ट्‌स' म्हणजे उरलेल्यांची शाखा या समजुतीपोटी चित्रकलेच्या नावाने नाक मुरडणारेही भेटतात. दोघेही एकाच शब्दाने फसलेले असतात.

ही प्रतवारी कोणी लेखी केलेली नाही. प्रवेशाच्या गुणांनी ती आपोआप केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधील, तसेच अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांमधील भिंती कडक असू नयेत, असे म्हटले आहे. धोरण स्तुत्यच आहे. पण भिंत कागदावर पाडणे वेगळे, आणि पलीकडच्या खोलीत शिक्षक उभा करणे वेगळे. त्या शिक्षकाचा विषय पुढे येईलच.

अशी शाळा असते कोठे?

शालेय वयातच कलेला मध्यवर्ती स्थान देण्याची कल्पना नवी नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी शाळा काढली. तीच पुढे पाठभवन म्हणून ओळखली जाऊ लागली. १९१९ मध्ये तेथे कलाभवन आले. परंतु पाठभवनाचा हेतू मुलांमधून चित्रकार वेचून काढण्याचा नव्हता. झाडाखाली बसून भाषा आणि गणित शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दिवसात गाणे आणि चित्र असावे, एवढाच तो होता. अमर्त्य सेन हे याच शाळेचे विद्यार्थी. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले आणि १९९८ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. सत्यजित राय यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. त्यांनी प्रेसिडेन्सीत अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविली आणि नंतर, १९४० मध्ये, आईच्या आग्रहास्तव ते कलाभवनात चित्रकला शिकावयास गेले. शाळा कलेची म्हणून मुलगा कलावंतच होतो असे नाही, आणि अर्थशास्त्र शिकला म्हणून तो कलेला मुकतो असेही नाही, एवढा बोध या दोन उदाहरणांवरून घ्यावयास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. तेथील महापौर ला गार्डिया यांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकला यांसाठी एक माध्यमिक शाळा काढली. पुढच्या दशकात नाट्य-नृत्यादी कलांसाठी दुसरी शाळा निघाली आणि १९८४ पासून दोन्ही एका इमारतीत, ला गार्डिया यांच्याच नावाने, नांदत आहेत. या शाळेविषयी दोन गोष्टी आपल्याकडे सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे ती सार्वजनिक शाळा आहे, तेथे शुल्क नाही. मुलाने आपली कला दाखवावी आणि प्रवेश मिळवावा. दुसरी गोष्ट अशी की, कलेचे रोजचे तास सांभाळून तेथील विद्यार्थ्याला गणित, विज्ञान, भाषा, इतिहास हे सारे विषय पुरे करावेच लागतात. म्हणजे त्या शाळेत कला ही इतर विषयांच्या जागी आलेली नाही, त्यांच्यावर चढविलेला तो जादा भार आहे.

महाराष्ट्रात कलाशिक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, म्हणजे तिचे वय मुंबई विद्यापीठाइतकेच आहे. पण ही परंपरा शालेय वय संपल्यानंतर सुरू होते. दहावीनंतर फाउंडेशनचे वर्ष करून पदविकेकडे जावे, किंवा कोणत्याही शाखेतून बारावी होऊन प्रवेश परीक्षेच्या वाटेने चार वर्षांची पदवी घ्यावी, असे दोन मार्ग आहेत. त्याआधीच्या मुलासाठी शाळेतला चित्रकलेचा तास आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या परीक्षा, एवढीच काय ती व्यवस्था. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन या चार उत्तरपत्रिकांनी खेड्यापाड्यांतील मुलांना रंगाच्या पेटीशी निदान ओळख करून दिली, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. अलीकडे या परीक्षांना दहावीचे वाढीव गुण जोडले गेले आहेत. गुण जोडले की गर्दी वाढते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. त्या गर्दीत चित्रासाठी आलेली मुले किती आणि गुणांसाठी आलेली किती, हे मात्र गुणपत्रिकेवरून कळत नाही.

सोडतीचा हिशेब

आता ताळेबंदाकडे वळू. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात विविध धंद्यांतील मोबदल्याचा विचार करताना यशाची शक्यता हा एक स्वतंत्र घटक मानला आहे. मोच्याकडे उमेदवारीला घातलेला मुलगा जोडे शिवावयास शिकणार यात फारशी शंका नसते. वकिली शिकावयास पाठविलेल्यांपैकी मात्र वीसात एखाद्यालाच तिच्यावर पोट भरता येते, असा त्यांचा अंदाज होता. असे धंदे म्हणजे एक प्रकारची सोडत, आणि तरुण माणसे आपल्या नशिबाविषयी नेहमीच जरा जास्त आशावादी असतात, असेही ते बजावतात. त्याच प्रकरणात त्यांनी नट, गायक आणि नर्तक यांच्या मोठ्या बिदागीचे कारण सांगितले आहे. तसे गुण दुर्मीळ असतात, आणि त्यांचा धंदा करणे समाज कमीपणाचे मानतो, म्हणून त्या कमीपणाचीही किंमत बिदागीत मिळवावी लागते. समाजाची ही दृष्टी बदलली, तर धंद्यात गर्दी होईल आणि मोबदला उतरेल, असे त्यांचे भाकीत होते. मुलीने गाणे शिकावे की नाही यावर ज्या समाजात एकेकाळी घरे फुटत, त्याच समाजातील पालक आज दूरदर्शन वाहिन्यांवरील गाण्याच्या स्पर्धांसाठी मुलांना घेऊन रांगेत उभे राहतात. स्मिथ यांना हे दृश्य पाहून आश्चर्य वाटले नसते.

१९८१ मध्ये शर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार पुढे नेला. कलेच्या बाजारात गुणांतील थोड्याशा फरकाचे रूपांतर मिळकतीतील प्रचंड फरकात होते; कारण एका गायकाचे गाणे लाखो लोकांना एकाच वेळी ऐकविता येत असेल, तर दुसऱ्या क्रमांकाच्या गायकाचे गाणे ऐकण्याची गरज कोणाला उरत नाही. चित्राचे असे यांत्रिक गुणन होत नाही. तरी नावाचे होतेच. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले. त्यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, आणि त्यापूर्वी जवळजवळ १४ वर्षे हुसेन या जगात नव्हते. वृत्तपत्रांत बातमी येते ती या आकड्याची. त्यांच्याबरोबर शिडीवर चढून फलक रंगविणाऱ्या बाकीच्यांचे काय झाले, याची बातमी होत नाही.

याचा अर्थ, जो पालक मुलाला शालेय वयातच केवळ कलेच्या वाटेला लावतो, तो एक सोडतीचे तिकीट विकत घेत असतो. तिकीट घेण्यात गैर काही नाही. पण त्याची किंमत म्हणजे निव्वळ शाळेचे शुल्क नव्हे. तिकिटापायी कोणती दारे बंद होतात, ही खरी किंमत होय. नववी-दहावीला गणित आणि विज्ञान निम्म्या वेळात, निम्म्या मनाने उरकले गेले, तर पुढे वास्तुरचना नाही, औद्योगिक रचनाशास्त्राच्या प्रवेश परीक्षाही कठीण, आणि अर्थशास्त्रदेखील जड जाते. कारण तेही आता गणिताशिवाय चालत नाही. उलटपक्षी, ललित कलेच्या पदवीचे दार बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उघडे आहे. एक दार सोळाव्या वर्षी बंद झाले तर पुन्हा उघडणे अवघड, आणि दुसरे अठराव्या वर्षीही उघडे, अशी स्थिती असताना घाई कोणत्या दाराची करावयाची, याचे उत्तर हिशेबाने तरी स्पष्ट आहे. त्यातच सांगितलेल्या वर्णनावरून क्षणात चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने गेल्या काही वर्षांत आली आहेत. मासिकांची सजावट, जाहिराती यांवर पोट भरणाऱ्या चित्रकाराचा उद्या काय भाव राहील, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. भविष्य जितके धूसर, तितके पर्याय हातचे राखून ठेवण्याचे मोल अधिक.

चित्राचे वेगळे, गाण्याचे वेगळे

तथापि, सर्व कलांना एकच नियम लावणे चुकीचे होईल. गळा, बोटे आणि शरीर यांना लहानपणीच वळण लावावे लागते. भीमसेन जोशी वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांनी अठरा वर्षांपर्यंत थांबावे असे सुचविण्याचे धाडस कोणी करणार नाही. चित्रकाराचा हात थोडा थांबू शकतो. नर्तकाचे गुडघे थांबत नाहीत. म्हणून नृत्य किंवा गायन यांसाठी लवकर निर्णय घेणाऱ्या पालकाला उतावीळ म्हणता येणार नाही. मात्र येथेही शाळेपेक्षा गुरू महत्त्वाचा. चांगला गुरू चार गल्ल्या पलीकडे राहत असेल, तर त्याच्यासाठी मुलाची शाळा बदलण्याचे कारण नाही.

मराठी माणसाची याबाबतची आवडती तडजोड म्हणजे नोकरी सांभाळून कला. वसंतराव देशपांडे यांनी लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केली. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ मध्ये चाळिशीत ती पेशेवारी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्याही पदवीधर होत्या. ही उदाहरणे देऊन पालक मुलांना म्हणतात, "आधी शीक, मग काय ते कर." या उपदेशात एक खोट आहे. ज्यांची कला नोकरीत टिकली त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. ज्यांची टेबलाच्या खणात सुकून गेली, त्यांची यादी कोणी ठेवीत नाही. हुसेन यांच्या यशावरून केलेले अनुमान जितके कच्चे, तितकेच वसंतरावांच्या यशावरून केलेलेही कच्चे. 'आधी' म्हणजे किती वर्षे, आणि त्या वर्षांत कलेला रोज किती वेळ, हे दोन आकडे ज्या उपदेशात नाहीत, तो उपदेश म्हणजे नुसती टाळाटाळ होय.

मुलाला प्रवेश नाकारला गेला म्हणजे त्याच्यात कला नाही, असाही निष्कर्ष काढू नये. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. ते म्हैसूरला पदवीधर झाले आणि पुढे त्याच मुंबईतल्या वृत्तपत्रात त्यांच्या 'सामान्य माणसा'ने कित्येक दशके पहिल्या पानावर हजेरी लावली.

शाळेत काय पाहावे?

आम्ही अखेर ती शाळा पाहावयास गेलो. माहितीपत्रक वाचून शाळा कळत नाही आणि प्रदर्शनाच्या दिवशी गेल्यानेही कळत नाही. म्हणून मुद्दाम एका साध्या मंगळवारी गेलो. जाताना काही प्रश्न लिहून नेले होते. इतर पालकांनाही उपयोगी पडतील या हेतूने ते येथे नोंदविते.

पहिला प्रश्न शिक्षकाचा. कला शिकविणारी व्यक्ती पूर्णवेळ नेमलेली आहे की तासिका तत्त्वावर? किती वर्षे टिकली आहे? तिचे स्वतःचे काम पाहावयास मिळेल का? दुसरा प्रश्न भिंतीवरील चित्रांचा. ती एकमेकांसारखी आहेत की वेगवेगळी? तीस मुलांनी काढलेली तीस वारली चित्रे एकाच साच्यातील असतील, तर तेथे कला शिकविली जात नाही, नमुना उतरवून घेतला जातो. तिसरा प्रश्न गणित आणि विज्ञान कोण शिकवितो आणि आठवड्यात किती तास, हा. चौथा, अकरावीला शाळा सोडू इच्छिणाऱ्या मुलाला शास्त्र शाखेत जाता आले आहे का? पाचवा, मागील तीन-चार तुकड्यांतील सर्व मुले आज काय करतात? सर्व, केवळ फलकावर नावे लावलेली नव्हेत. आणि सहावा प्रश्न मुलाला विचारावयाचा : चित्र बिघडते तेव्हा इथे काय होते?

आम्हाला मिळालेली उत्तरे संमिश्र होती. वर्गखोल्या प्रशस्त होत्या, उजेड उत्तरेकडून येणारा होता, आणि मुलांच्या तोंडावर खरोखरच कंटाळा दिसत नव्हता. ही गोष्ट मी कमी लेखत नाही. परंतु तीन कलाशिक्षकांपैकी दोघे वर्षभरापूर्वीच आलेले होते. गणिताचे शिक्षक त्या महिन्यात नव्हतेच. जुन्या विद्यार्थ्यांविषयी विचारताच दोन नावे अभिमानाने सांगण्यात आली आणि विषय बदलला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका मुलाने हळूच दिले : चित्र बिघडले की सर दुरुस्त करून देतात. आमच्या मुलीने ते ऐकले. परतीच्या गाडीत ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझं बिघडलेलं मलाच ठेवायचं असतं."

हिशेबात सुटलेली रक्कम

त्या वाक्याने माझ्या ताळेबंदातील एक चूक उघडी पडली. मी मुलीच्या चित्रकलेकडे केवळ गुंतवणूक म्हणून पाहत होते : किती घालावयाचे, किती वर्षांनी, किती परतावा. वास्तविक, शिक्षण हे जसे गुंतवणुकीचे, तसे उपभोगाचेही साधन आहे, असे आमच्याच विषयाची पाठ्यपुस्तके सांगतात. चौदा वर्षांच्या मुलीला दुपारचे दोन तास कोणी घंटा न वाजविता मिळाले, तर त्या दोन तासांचे मोल त्यांच्यातच आहे. त्यासाठी ती पुढे चित्रकार झाली पाहिजे अशी अट नाही. अट आपण घालतो. कलेने एक तर करिअर व्हावे, नाही तर निघून जावे, असा आपला हट्ट असतो. गणिताला आपण असा दम देत नाही. मुलगा गणितज्ञ होणार नाही म्हणून त्याचे गणित कोणी बंद करीत नाही.

असा विचार केला म्हणजे 'कलाप्रधान शाळा कोणती?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'साध्या शाळेत कला उरली आहे का?' हा पुढे येतो. याचे उत्तर सुखावह नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला आहे खरा; पण तो अंशकालीन, आणि तोही शंभराहून अधिक मुले असतील तरच. म्हणजे ज्या लहान गावातील शाळेत ऐंशी मुले आहेत, तेथील मुलांच्या वाट्याला कायद्याने अर्धा शिक्षकही दिलेला नाही.

यामागे आर्थिक कारण आहे, ते समजून घेतले पाहिजे. बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवावयास शतकांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. पगार मात्र सगळीकडे वाढतात. म्हणून अशा कामांचा खर्च इतरांच्या तुलनेत चढतच राहतो. चित्रकलेचा तासही याच जातीचा आहे. एका शिक्षकाला तीस मुलांच्या तीस कागदांपाशी वाकून पाहावेच लागते. त्यात घाई करता येत नाही. खर्चाला कात्री लावावयाची झाली की ती प्रथम या तासावर चालते. सार्वजनिक शाळेतून तो तास गेला की खासगी शाळा तोच तास मोठ्या शुल्काने विकावयास काढते, आणि ज्यांना ते शुल्क परवडते त्यांना वाटते की आपण 'निवड' करीत आहोत. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांना हात आहे की नाही, हे कोणाला कळतच नाही. देशाच्या दृष्टीने हा तोटा शुल्काच्या रकमेहून मोठा आहे.

आमच्या सातारा जिल्ह्याला तर याची वेगळी लाज वाटावयास हवी. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि संस्थान लहानसे असतानाही त्यांनी टेकडीवर संग्रहालय उभे केले. रविवारी मुलीला घेऊन मी तेथे जाते. एका संस्थानिकाला आपल्या प्रजेने चित्रे पाहावीत असे वाटले. लोकशाहीत तेवढे वाटणे जड जाऊ नये.

आमचा निर्णय असा झाला की, मुलीने आहे त्याच अनुदानित शाळेत राहावे. तेथे वऱ्हांड्याच्या टोकाच्या खोलीत एक चित्रकलाशिक्षक गेली अनेक वर्षे शिकवितात. शाळा सुटल्यावर ते मुलांना दीड तास बसू देतात आणि कोणाचेही चित्र दुरुस्त करून देत नाहीत. गणित नेहमीप्रमाणे चालू राहील. इंटरमिजिएट द्यावी की नाही हे तिने ठरवावे. बारावीनंतर ती म्हणेल त्या दाराशी आम्ही उभे राहू. शुल्काची जी रक्कम वाचली, तिच्यातील काही भाग कागद, रंग आणि औंधसारख्या फेऱ्यांसाठी बाजूला काढला आहे.

परंतु हा निर्णयही पुरता आमच्या हाती नाही. हे गुरुजी पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. संचमान्यतेत त्यांची जागा टिकेल की नाही हे मुख्याध्यापकांना सांगता येत नाही. आम्ही काही पालकांनी मिळून संस्थेकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे : जागा रद्द होऊ नये, पूर्णवेळ राहावी. वर्गणी काढून माणूस ठेवू, अशी सूचना एका सद्गृहस्थांनी केली होती. ती आम्ही सध्या नाकारली आहे. वर्गणी दिली की वर्गणी देणाऱ्यांची मुले एका बाजूला आणि न देणाऱ्यांची दुसऱ्या, आणि मग त्या निवासी शाळेत व आमच्यात अंतर ते काय राहिले?

वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. कलेची शाळा शोधावयास जरूर जा, सहाही प्रश्न विचारा. पण त्याआधी मुलाच्या आहे त्या शाळेत जाऊन चित्रकलेचा तास कोण घेतो आणि तो कधी निवृत्त होतो, एवढे विचारून या. आमच्या अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही. मुलगी निर्णयावर पुरती राजी आहे असेही नाही. परवा तिने शांतपणे विचारले, "आई, सर गेल्यावर ती खोली कुणाला देणार?" सध्या तरी माझ्यापाशी याचे उत्तर नाही.